वॉकर, उंचसखल जमिनीसाठी

८ जानेवारी १९६२, सोमवार

आजपासून नोंदी. वाचणारा मी एकटाच, म्हणून खरे तेच लिहायचे. घरात आमची बंजाऱ्यांची गोरबोली, बाजारात वऱ्हाडी. वहीत मात्र शुद्ध मराठी. व्हर्न्याक्युलर फायनल पास झालेला मी तांड्यातला पहिला माणूस आहे.

पहिली खरी गोष्ट. दिवाळीनंतर महागावच्या बाजारातून येताना लखीरामने बैलगाडी नाल्यात वाकडी घातली. मी पडलो. उजव्या खुब्याचे हाड मोडले. लखीराम तांड्याचा कारभारी, म्हणजे नाईकाच्या खालोखालचा माणूस. माझ्याच वयाचा. आम्ही एकत्र गुरे राखली. त्याने मुद्दाम केले असे मी म्हणत नाही. फक्त नोंद करतो.

दुसरी खरी गोष्ट. आमच्या तांड्यात होळी पहाटे पेटते. नाईक आपल्या दारातून मैदानापर्यंत पायी जातो. मागे सगळा तांडा, पुढे कोणी नाही. त्या पहाटे जो पुढे चालतो, तो वर्षभर नाईक. आजोबा चालले, वडील चालले. मी एकोणतीस होळ्या चाललो. यंदाची होळी एकवीस मार्चला पहाटे. भरपूर वेळ आहे.

९ जानेवारी

यवतमाळच्या दवाखान्यात शेवटच्या दिवशी मला वॉकर दिला होता. चार पायांची लोखंडी चौकट. धरायची, पुढे ठेवायची, पाऊल टाकायचे. नऊ नंबरच्या खाटेपासून खिडकीपर्यंत गेलो आणि परत आलो. नर्स म्हणाली, छान. डॉक्टर म्हणाले, हाड जुळले आहे, घरी काठी पुरेल, मुख्य म्हणजे चाला.

डॉक्टर चांगले. पण त्यांची फरशी आरशासारखी. आमची जमीन त्यांनी पाहिलेली नाही. दोष पायात नाही, जमिनीत आहे. बाहेरच्या उंचसखल जमिनीवर चालेल असा वॉकर निवडणे, एवढाच प्रश्न आहे. शास्त्रीय पद्धतीने निवडायचा. घाई नाही.

१४ जानेवारी, रविवार

संक्रांत. पुतण्या भावसिंगकडून रस्ता मोजून घेतला. दारापासून मैदान तीनशे बारा पावले. दगड एक्केचाळीस. गाडीच्या चाकोऱ्या दोन, खोल. बाभळीचे एक मूळ. बाकी ढेकळे, ती मोजता येत नाहीत असे तो म्हणाला. त्याला पुन्हा पाठवले. ढेकळे खरोखर मोजता येत नाहीत.

बायको हंसाबाई म्हणाली, "दुसऱ्याचे पाय मोजायले कायले लावता? तुमी सोता चालून मोजा ना." तिला पद्धत कळत नाही.

१९ जानेवारी

प्रयोग. दवाखान्यातल्यासारखे चार पाय काळ्या मातीत टिकतील का? घरातली तिवई अंगणाच्या कडेला ठेवून भावसिंगला तिच्यावर बसवले. तिला तीनच पाय, पण तत्त्व तेच. चार बोटे रुतली. भावसिंगही थोडा पडला. निष्कर्ष: दवाखान्याचा वॉकर बाद.

संध्याकाळी पाहिले तर खाटेच्या उशाशी वडिलांची काठी उभी. हंसाबाईचे काम. काठी म्हाताऱ्यांसाठी असते. मी एकसष्ट वर्षांचा आहे. काठी सरपणात टाकायला सांगितली. तिने दाराआड ठेवली.

२७ जानेवारी

मुंबईच्या एका कंपनीला पत्र टाकले होते. कॅटलॉग आला. चाकांचा वॉकर, धरून एक मडम उभी. हसते आहे. पायाखाली हिरवळ. आपल्याकडे चाकांत कापसाच्या पऱ्हाट्या अडकतील. बाद. कॅटलॉग मात्र सुंदर आहे, जपून ठेवला.

गावातला सुतार नागोराव आला होता. मी त्याला चौकट, मुठी, उंची सगळे नीट समजावले. तो शेवटपर्यंत ऐकून म्हणाला, "मंग पांगुळगाडाच म्हना ना, नाईक. मोठा करून देतो. पुढं खुळखुळा लावू का?" ओसरीवरचे सगळे हसले. लखीरामही हसला. हसताना त्याने तोंडावर उपरणे धरले, पण खांदे दिसतात.

लहान मुलाला चालायला शिकवण्याचा गाडा तीनशे बारा पावले पुढे ढकलत नाईकाने होळीला जायचे. हे त्याला सुचते आणि कारभाऱ्याला हसू येते. नोंद करतो.

३ फेब्रुवारी, शनिवार

आजपासून तीन दिवस आठ ग्रह एका राशीत. जग बुडणार असे फुलसावंगीपर्यंत बोलतात. मी शिकलेला माणूस, मानत नाही. तरी या तीन दिवसांत नवीन काही सुरू करू नये. उभे राहण्याची प्रॅक्टिस आजपासून सुरू होणार होती.

६ फेब्रुवारी

जग बुडाले नाही. प्रॅक्टिसचे तीन दिवस बुडाले.

१० फेब्रुवारी

निर्णय झाला. वॉकर महागावच्या गुलाम नबी मिस्त्रीकडून बनवून घ्यायचा. लोहारकाम, सायकली, मोटेची दुरुस्ती, सगळे करतो. तोंडाने जरा गोड, पण हात चांगला. उद्या बाजार. भावसिंग चिठ्ठी घेऊन जाईल. चिठ्ठीची नक्कल इथे ठेवतो:

'एक वॉकर पाहिजे. लोखंडी, दणकट. जमीन काळी, ढेकळांची, उंचसखल. बाहेर वापरायचा. हाताने धरायची जागा कमरेइतकी उंच, मुठीला चामडे. होळीच्या आत पाहिजे. – डोंगरसिंग नाईक.'

कोणासाठी ते लिहिले नाही. पायाचा उल्लेख केला नाही. बाजारात नाईकाच्या पायाची चर्चा नको. भावसिंगलाही सांगितले, काही विचारले तर चिठ्ठीत आहे तेवढेच सांग.

११ फेब्रुवारी, रविवार, संध्याकाळ

भावसिंग आला. मिस्त्रीने चिठ्ठी वाचली, डोळ्यांना लावली. म्हणाला, "नाईकसाहेबाले जमिनीची नस मालूम हाय." आणखी म्हणाला, यंदा दहा जणांनी सांगितला आहे, पण नाईकसाहेबांचा पहिला करतो.

दहा जणांनी. महागाव भागात इतके खुबे मोडले असतील असे वाटले नव्हते. कदाचित माझे ऐकून लोकांना सुचले असेल. शिकलेल्या माणसाने एक गोष्ट केली की बाकीचे करतात.

उद्यापासून प्रॅक्टिस. रोज दहा मिनिटे उभे राहणे.

१२ फेब्रुवारी

गार वारा. उद्यापासून.

१८ फेब्रुवारी, रविवार

भावसिंगबरोबर मिस्त्रीचा निरोप. पास किती ठेवू?

मिस्त्रीचे बोलणे निम्मे उर्दू. पास म्हणजे जवळ. वॉकर अंगापासून किती जवळ असावा, असा प्रश्न आहे. चांगला प्रश्न आहे, कॅटलॉगातसुद्धा याचा विचार नव्हता. खाटेवर बसून हात पुढे करून पाहिला. दीड हात. तसा निरोप दिला.

भावसिंग म्हणाला, "दीड हात म्हनजे चांगली मोठी हाय, काका." मी म्हणालो, मोठा माणूस, मोठे पाऊल.

२४ फेब्रुवारी

या आठवड्यात मतदान झाले. केंद्र फुलसावंगीच्या शाळेत. लखीराम मला भिया, म्हणजे भाऊ म्हणतो. म्हणाला, "भिया, गाडीत चाल." गाडीत मी आता बसत नाही, आणि त्याच्या गाडीत तर नाहीच. मग म्हणाला, "तं पाठीवर नेतो. लहानपनी तू मले नाल्यातून नेलतं ना." मत माझे आणि पाय त्याचे, हे लोकशाहीत बसत नाही. गेलो नाही. बाकी तांडा गेला. त्यांच्या पुढे कोण चालले असेल ते न विचारता कळते.

४ मार्च

पुरावा. लखीरामने पुसदहून नवी पागडी आणली. लाल. भावसिंगच्या बायकोने पाहिली. होळीला सतरा दिवस. ज्याला मागून चालायचे आहे तो नवी पागडी आणत नाही.

रोज सकाळी येतो. माझा पाय चोळतो. "ऊठ रे भिया, दोन पावलं टाक. मी धरतो." पाय चोळता चोळता खुबा किती कच्चा आहे ते तो चाचपून पाहतो, हे माझ्या आज लक्षात आले. उद्यापासून पाय चोळू द्यायचा नाही.

५ मार्च

चोळू दिला. थंडी होती.

१० मार्च

वॉकर अजून नाही. पण प्रॅक्टिस थांबवलेली नाही. आज मनातल्या मनात पूर्ण रस्ता चाललो. एक्केचाळीस दगड, दोन्ही चाकोऱ्या, मूळ. मैदानापर्यंत दम लागला नाही. परत आलो नाही, कारण परत येण्याचा प्रश्न होळीनंतरचा आहे.

हंसाबाई म्हणाली, "डोये मिटून पाय काहून हालवता? मुंग्या आल्या का?"

१७ मार्च, शनिवार, दुपारी चार

फसवणूक.

दुपारी गुलाम नबी स्वतः गाडी घेऊन आला. अर्धा तांडा मागे. गाडीवर पोत्यात गुंडाळलेली वस्तू. लांबी पाहूनच मला शंका यायला हवी होती. त्याने बिस्मिल्ला म्हणून पोते काढले.

वखर.

लोखंडी वखर. ढेकळे फोडून रान सारखे करतात, तो. खाली आडवी धारेची पाती, दीड हात. तिला पास म्हणतात. मला माहीत आहे. तीस वर्षे शेती केली आहे. मागे धरायला उभे रुमणे, कमरेइतके उंच. मुठीला चामडे.

मी चिठ्ठी मागितली. त्याने टोपीतून काढली. 'वॉकर' असेच लिहिले होते, स्वच्छ अक्षरात. मिस्त्री म्हणाला, "मैं समझा, नाईकसाहेब पढे-लिखे आदमी, वखर कू अंग्रेजी में वॉकर बोलते होंगे. जमीन काली, ढेकूल, ऊंच-नीच, पास दीड हात. इसमें दुसरा क्या होता, आपइच बताओ."

ओसरीभर माणसे होती. म्हणालो, ठीक आहे.

तो गेल्यावर हंसाबाईला विचारले. तिला पहिल्या रविवारपासून माहीत होते. भावसिंगनेच सांगितले होते. म्हणाली, "जुना वखर मोडला म्हनून दोन सालापासून तुमाले सांगून राह्यली. मले वाटलं, आखरीले ऐकलं तुमी." असे म्हणून ती वखराच्या रुमण्यावरून हात फिरवत होती. खूश दिसत होती. लग्नाला बेचाळीस वर्षे झाली.

१८ मार्च

ज्यांनी दगा दिला ते: मिस्त्री. भावसिंग. हंसाबाई. नागोराव सुतार. मुंबईची कंपनी. लखीरामचे नाव अजून लिहीत नाही. त्याने अद्याप उघड काही केलेले नाही.

वॉकर नाही म्हणजे होळीला जाणे नाही. हा माझा दोष नाही, हे वहीत स्पष्ट राहावे.

१९ मार्च, सोमवार

लखीरामने उघड केले.

सकाळी आला. अंगणातला वखर पाहिला, वाकून पास पाहिली. घरी गेला, बैल घेऊन आला, जुंपले. माझ्या दारापासून मैदानापर्यंत वखर घातला. परत आला. पुन्हा गेला. दुपारपर्यंत असे चालले. दगड वेचून त्याने कडेला ढीग केला. बाभळीचे मूळ कुऱ्हाडीने तोडले. चाकोऱ्या बुजल्या.

खाटेवरून सगळे दिसत होते. माझ्या दारापासून, माझ्या वखराने, हा स्वतःसाठी रस्ता करतो आहे.

घाम पुसत ओसरीवर बसला. म्हणाला, "आता पाह्य भिया. परातीसारखा केला. तुह्या दवाखान्यात तरी असा हाय का?" हंसाबाईने त्याला गूळ-पाणी दिले. मला विचारले नाही.

२० मार्च, मंगळवार, संध्याकाळ

रस्ता खाटेवरून नीट तपासला. उंचसखल राहिलेला नाही. पण आता भुसभुशीत झाला आहे. भुसभुशीत जमीन जास्त धोक्याची. हे कोणाच्या लक्षात आले नाही.

लखीरामला सांगितले. त्याने पायाने माती दाबून पाहिली. मग म्हणाला, "असं कर. पहाटे मी बैल हाकतो, हयू हयू. वखर उलटा करतो, पास वर. तू रुमनं धरून मागून चाल. रुमनं तं तुह्याच मापाचं हाय. तुह्याहून पुढं मी जानार नाही, तुह्या बाजूनं चालून हाकतो. बैल पुढं असले तं कायचं? बैल काही नाईक होत नाहीत."

सालदार चालतो तसा वखरामागे नाईकाने चालायचे. विचार करतो म्हणालो.

रुमण्याची उंची चांगली आहे, हे खरे.

२१ मार्च, बुधवार, सकाळी साडेनऊ

खरे तेच लिहायचे असे ठरले आहे.

पहाटे लखीराम आला. दारात बैल उभे, वखर उलटा. सगळा तांडा मागे जमलेला. काहींच्या हातांत डफ. लखीरामने काखेतून लाल पागडी काढली आणि माझ्या डोक्याला बांधली. "तुह्यासाठीच आनलती. जुनी तं तवा नाल्यात फाटली."

हंसाबाईने आणि भावसिंगने उभे केले. मी रुमणे धरले. चामड्याची मूठ हाताला बरोबर बसली. मिस्त्रीने सगळे चिठ्ठीप्रमाणे केले होते.

बैलांनी एक पाऊल टाकले. मी एक टाकले. दुखले नाही. मग दुसरे. चार पावले चाललो.

पुढे तीनशे आठ राहिली. रस्ता सपाट. झुंजूमुंजू झाले होते, सगळे दिसायला लागले होते. मागे तांडा होता आणि सगळे माझ्या पायांकडे पाहत होते.

मी म्हणालो, दगड आहे.

लखीरामने बैल थांबवले. कुठं, म्हणाला. पुढे, म्हणालो. तो गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हातांनी माती चाचपू लागला. बैलांच्या पायांत, वखराखाली, माझ्या पायाशी. बराच वेळ शोधत होता. मग एकदम म्हणाला, "सापडला, भिया. हाच होता." आणि हात लांब फेकला. "गेला. चाल आता."

मी पाहिले. मूठ रिकामी होती.

खोटे बोलणाऱ्या माणसाबरोबर मी एक पाऊलही टाकू शकत नाही. तसे त्याला सर्वांसमोर सांगितले. तो उठला नाही. तिथेच मातीत बसून राहिला. मी रुमणे सोडले नाही, कारण सोडले असते तर पडलो असतो.

पूर्वेला लाली आली. हंसाबाई पुढे आली. म्हणाली, "उजाडलं. लेकरं उपाशी उभे हायेत." तिने माझ्या डोक्यावरची पागडी काढली आणि लखीरामच्या हातात दिली. मग माझा दंड धरून मला आत आणले. चार पावले परत.

लखीरामने पागडी घातली नाही. काखेत धरून, बोडक्या डोक्याने पुढे गेला. मागे तांडा गेला. बैल दारातच उभे होते. थोड्या वेळाने धूर दिसला. मग डफ, मग होळीची लेंगी गाणाऱ्या बायकांचा आवाज. हंसाबाईचा आवाज मी ओळखतो.

८ जानेवारीची नोंद दुरुस्त करायची आहे. गाडी वाकडी गेली नव्हती. नाल्याशी लखीरामने गाडी थांबवली होती. म्हणाला होता, भिया, इकडून उतरू नको, दगड आहे. मी उडी मारली.

शाई कमी आहे. नंतर दुरुस्त करीन.

२२ मार्च, सकाळ

अंगणातून हाक आली, "नाईक!" मी ओ दिली. हाक लखीरामला होती. तो ओसरीवर बसून माझा पाय चोळत होता. त्याने मान खाली घातली, ओ दिली नाही. हाक मारणाऱ्याने पुन्हा हाक मारली. मग तो उठला.

लखीरामला दोन दिवस वखर पाहिजे होता. त्याने मला विचारण्याआधीच हंसाबाईने दिला. बैल जुंपताना त्याने मला विचारले, "पास किती हाताची हाय, भिया?"

दीड, मी म्हणालो.